परतीचे बांबू

आमच्या दुकानावर आता मोठा फ्लेक्स आहे. त्यावर तीन पुरुषांचे फोटो आहेत: माझे आजोबा, माझे वडील आणि माझा मोठा भाऊ. खाली हिंदीत लिहिलंय, ‘अंतिम संस्कार का संपूर्ण सामान, चार पीढ़ियों की सेवा’. चौथी पिढी म्हणजे माझा पुतण्या. फ्लेक्स त्यानंच लावला. गोंदियात पाट्या हिंदीतच असतात, त्याचं कुणाला काही वाटत नाही.

भाऊ १९९९ साली वारला. तेव्हा पुतण्या शाळेत होता. दुकान त्याच्या हाती आलं ते पुष्कळ नंतर. मधली वर्षं ते त्याच्या आईनं, म्हणजे माझ्या वहिनीनं चालवलं. तिचा फोटो पाटीवर नाही. त्याच वर्षांत एक चूक तिच्या नावावर लागली आणि त्या चुकीपायी तिला कितीतरी वर्षं पोटच्या मुलीच्या घरी पाय ठेवता आला नाही. ती चूक माझी होती. आता माझं वय झालं आहे आणि हे मी लिहिलं नाही, तर दुसरं कुणी लिहिणार नाही.

आजोबा तट्टे आणि टोपल्या विणायचे. त्यांची झोपडी नदीच्या घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर होती. प्रेत घेऊन निघालेल्या लोकांना वाटेत काही कमी पडलं, की ते त्यांच्याकडे बांबू मागायचे. मग घरून निघण्याआधीच लोक येऊ लागले. वडिलांनी त्यात कापड, मडकं, सुतळी, गुलाल यांची भर घातली. बौद्ध घरचे लोक आले की पांढरं कापड, मेणबत्त्या आणि फुलं द्यायची, मडकं पुढं करायचं नाही. सालेकशाकडचे गोंड लोक आले, तर त्यांच्यात पुरतात, हे लक्षात ठेवायचं. कोण गेलं हे कधी विचारायचं नाही, कुठले एवढंच विचारायचं. बाकीचं त्यातून कळायचं.

दुकानाचे काही रिवाज होते. गिऱ्हाइकाला निघताना ‘या’ म्हणायचं नाही. तयार तिरडी दुकानात उभी ठेवायची नाही, माणूस आला की मगच बांधायला घ्यायची. तिसरा रिवाज परतीच्या बांबूंचा.

कधी कधी तिरडी परत यायची. दोन नातेवाईक दोन ठिकाणी सांगून यायचे आणि एक तिरडी जास्तीची व्हायची. एकदा तर ज्याच्यासाठी नेली होती तो म्हातारा चहा मागत उठून बसला आणि त्याचा मुलगा तिरडी डोक्यावर घेऊन हसत हसत परत आला. आजोबा अशी तिरडी परत घ्यायचे. पण एकदा कुणाच्या मरणासाठी निघालेला बांबू ते पुन्हा विकत नसत. दुसऱ्या मरणासाठी नाही, कुंपणासाठी नाही, कशासाठीच नाही. तिरडी सोडायची, बांबूच्या बुडापासून हातभर वर कोयत्यानं खोल खाच पाडायची आणि तो मागच्या अंगणात टाकायचा. ज्यांचं कुणी नसतं अशांच्या सरणासाठी ते बांबू फुकट घाटावर जायचे. वडिलांनी हा रिवाज पाळला, भावानं पाळला आणि वहिनीनं सगळ्यांपेक्षा कडक पाळला.

मी दुकानात बसलो नाही. मॅट्रिक झालो आणि पाटबंधारे खात्यात कारकून म्हणून लागलो. काही वर्षं चोरखमाऱ्याच्या तलावावर होतो, मग इकडे तिकडे. ऑफिसात कुणी विचारलं तर सांगायचो, भावाचं बांबूचं दुकान आहे. ते खोटं नव्हतं. त्यापुढे मी काही सांगत नसे.

भाऊ गेल्यावर तेराव्यानंतर घरात बसून बोलणं झालं. मी म्हणालो, दुकान कुणाला तरी देऊन टाकू. वहिनी भिंतीला टेकून बसली होती.

“कोणाले देता?” ती म्हणाली. “उद्यापासून मी बसतो.”

“तुमी? तिरडी बांधता?”

“आजवर कोण बांधून राहिलं होतं भाऊजी? तुमचे भाऊ तं मोजून द्याचे, बांधाची तं मीच. मागच्या अंगणात.”

हे मला ठाऊक नव्हतं. ती दुसऱ्या दिवशी दुकानात बसली. सुरुवातीला लोक अडखळायचे. एकदा मी तिथे असताना एक जण तिला म्हणाला, “बाई, घर में कोई आदमी नहीं है क्या?” वहिनीनं सुतळीचा गुंडा उचलला आणि विचारलं, “आदमी पायजे का तिरडी पायजे?” त्यानं पैसे काढले. थोड्या दिवसांनी लोकांना सवय झाली.

पुढच्याच वर्षी तिरोड्याचे एक गृहस्थ आले. आमच्याच जातीतले, पण बांबूचं काम सोडून त्यांच्या घराला दोन पिढ्या झाल्या होत्या. त्यांची म्हातारी आई गोंदियाच्या दवाखान्यात वारली होती. त्यांनी तिरडी नेली, पण गावी पोचले तर भावकीनं तिथे आधीच बांधून ठेवलेली. चार दिवसांनी ते तिरडी परत घेऊन आले. वहिनीनं त्यांच्यासमोर ती सोडली आणि बांबूंना खाच पाडली.

“चांगले हिरवे बांबू हायेत बाई, काऊन खराब करता?” त्यांनी विचारलं.

“तुमच्या आईच्या नावानं निघाले होते. आता ते बांबू नाही राहिले,” ती म्हणाली.

हे त्यांना इतकं पटलं, की ते तिथेच बाकावर बसून राहिले. चहा घेतला. घरात कोण कोण आहे विचारलं. त्यांच्या धाकट्या भावाचा मुलगा लग्नाचा होता आणि वहिनीची मोठी मुलगी लग्नाची होती. पुढं बोलणी मी केली, पण सोयरीक जुळली ती त्या खाचेवरून, हे ते स्वतः सगळ्यांना सांगायचे. “ज्या घरात मेलेल्या माणसाचा बांबू दुसऱ्याले इकत नाही, त्या घरची पोरगी डोळे मिटून आणावी,” असं त्यांचं वाक्य होतं.

लग्न उन्हाळ्यात ठरलं, आमच्या घरासमोरच्या मोकळ्या जागेत. मी एकच गोष्ट धरून बसलो होतो. लग्नात दुकानाचं काही येता कामा नये. मांडवाचे बांबूसुद्धा मी बाहेरच्या माणसाकडून सांगितले. वहिनी म्हणाली, “घरी बांबू पडले हायेत आणि तुमी बाहेरून आणता?” मी म्हणालो, “लोक काय म्हणतील?”

लग्नाच्या सकाळी मांडव घालणाऱ्याचे दोन बांबू कमी पडले. जांभळाच्या डहाळ्या आल्या होत्या, मांडवाचा एक कोपरा तसाच खाली लोंबत होता आणि वरात तिरोड्याहून निघाल्याचा निरोप आला होता. दुकानात पुढच्या बाजूला नवे, ताजे बांबू रचलेले होते. तिथून दोन उचलून आणले असते, तर काही बिघडलं नसतं. पण मरणाच्या दुकानातून लग्नाच्या मांडवाला बांबू चाललेत हे रस्त्यावरचे सगळे बघतील, हे माझ्या डोक्यात बसलं होतं. मागच्या अंगणाचं दार गल्लीत उघडतं. त्या दाराची किल्ली वहिनीच्या कमरेला असायची. ती चुलीपाशी होती. मी किल्ली मागितली, तिनं काढून दिली. चुलीला लाकडं आणतो असं तिला वाटलं असावं.

अंगणात फक्त परतीचे बांबू होते. खाच मला दिसली. विसरलो, अंधार होता, घाई होती, असं मी पुढे स्वतःला बरेचदा सांगून पाहिलं. पण ऊन चांगलं वर आलं होतं आणि खाचेवर माझा अंगठा टेकला होता. मी दोन बांबू गल्लीतून आणले, कोपऱ्यात रोवले आणि खाच दिसू नये म्हणून प्रत्येकाला जांभळाची एकेक डहाळी सुतळीनं बांधली. छान दिसत होतं. बायको म्हणाली, “सगळ्याच खांबांले बांधा ना.” मी म्हणालो, वेळ नाही.

वरात आली. जेवणं सुरू झाली. कन्यादान मी आणि माझी बायको करणार होतो, कारण भाऊ नव्हता आणि वहिनी विधवा. ती मागे स्वयंपाकाकडेच थांबली होती. आपल्या मुलीचं लग्न तिनं सैपाकघराच्या दारातून पाहायचं, असं सगळ्यांनी न बोलता ठरवलं होतं. मीही त्यात होतो.

नवऱ्या मुलाचे ते मोठे काका कोपऱ्यातल्या खांबाजवळ खुर्ची टाकून बसले होते. कुणाची तरी शेळी मांडवात शिरली आणि खांबाला बांधलेली डहाळी ओढून खाऊ लागली. आधी लोक हसले. काकांनी हातातल्या दुपट्ट्यानं तिला हाकललं. ती गेली, पण डहाळी घेऊन गेली. काका खाली वाकले. त्यांनी खाचेत बोट घातलं. मग ते उठले, दुसऱ्या खांबाकडे गेले आणि त्यावरची डहाळी स्वतः ओढून काढली.

मी पाच पावलांवर हार घेऊन उभा होतो.

“इवाईबुवा,” त्यांनी मला हाक मारली. आमच्याकडे व्याह्याला असं म्हणतात. “हे कोणाचे बांबू हायेत?”

मी म्हणालो, “कोणते?”

“हे. माह्या पोराच्या मांडवाले तुमी मयताचे बांबू लावले?”

बायका पंगतीतून उठल्या. नवऱ्या मुलाची आई रडायलाच लागली. कुणी म्हणालं, वरात परत न्या. कुणी म्हणालं, नवऱ्या मुलाला आधी मांडवाबाहेर काढा. काका ओरडत नव्हते, ते नुसते विचारत होते, “कोणं आणले? नाव सांगा. कोणं आणले?” मी तोंड उघडलं, पण त्यातून एवढंच निघालं, “पाहतो, चौकशी करतो.”

तेवढ्यात वहिनी मांडवात आली. हात पिठाचे होते. तिनं खांबाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. किल्ली अजून माझ्या सदऱ्याच्या खिशात होती. तिला सगळं कळलं, हे मला कळलं.

“माह्या हातून झालं,” ती काकांना म्हणाली. “सकाळी घाई होती. मीच पाठवले बांबू. पाहाले पायजे होतं, नाही पायलं.”

“तुमी? तुमीच तं मले सांगतलं होतं का ते बांबू नाही राहिले म्हणून.”

“सांगतलं होतं. चुकलो. पोरीले शिक्षा नका देऊ.”

तिला काय दिसत होतं, ते मला पुढे समजलं. मी कन्यादानाला बसणार होतो. माझं नाव निघालं असतं तर मुलीकडून बसायला माणूसच उरला नसता आणि लग्न तिथेच मोडलं असतं. तिचं नाव निघाल्यानं काही अडत नव्हतं, ती तशीही मागेच उभी होती. हा हिशेब तिनं पीठ लागलेल्या हातांनी एका क्षणात केला. मी त्या क्षणात काहीच केलं नाही. हार हातात धरून उभा राहिलो.

खांब उपटले गेले. जागेवर गोमूत्र शिंपडलं. तो कोपरा सोडून लग्न लागलं. काकांनी एकच अट घातली आणि ती सगळ्यांसमोर सांगितली: मुलीच्या आईनं आमच्या उंबऱ्याच्या आत यायचं नाही. सणाला नाही, बाळंतपणाला नाही. “दुकान सोडलं तं पाहू,” असंही ते जाता जाता म्हणाले.

वहिनीनं दुकान सोडलं नाही. मुलगा शिकत होता, दुसरी मुलगी लहान होती. आणि ती दुकान सोडणारी बाई नव्हती.

त्यानंतरची वर्षं सांगण्यासारखी फार नाहीत. पुतणीला दोन मुलं झाली. दोन्ही बारशांना मी तिरोड्याला जाऊन जेवून आलो. वहिनीनं शिवलेली झबली माझ्याच पिशवीतून गेली. पुतणी अधूनमधून गोंदियाला यायची, पण मुलांना आजीकडे राहायला ठेवत नसत. एकदा ती आलेली असताना मी दुकानाच्या बाकावर बसलो होतो. वहिनी कामट्या सोलत होती. पुतणी म्हणाली, “आई, एवढं कसं नाही पायलं तू? माह्या लग्नाले?” वहिनीनं कामटी उजेडात धरून पाहिली आणि म्हणाली, “नाही पायलं, बाई.” मी वर्तमानपत्र वाचत होतो. मी पान उलटलं.

तिनं मला कधी काही म्हटलं नाही. मी सेवानिवृत्त झालो तेव्हा तिनं सगळ्यांत आधी येऊन हातावर पेढा ठेवला. ते सोसणं मला शिव्यांपेक्षा कठीण गेलं.

पुतण्या मोठा झाला आणि दुकान बदललं. त्यानं एक जुनी गाडी घेतली, तिच्यावर ‘स्वर्गरथ’ लिहिलं. मग बर्फाच्या लाद्यांऐवजी विजेवरची शीतपेटी आणली. तिरड्या आता तो एकदम बऱ्याच बांधून ठेवतो. परत आली तर भिंतीला उभी करतो, पुढच्याला देतो. मी खाचेबद्दल विचारलं तर म्हणाला, “काका, जमाना बदल गया.” वहिनी तेव्हा गुडघ्यांमुळे घरीच बसायला लागली होती. मागचं अंगण सपाट झालं, तिथे गाडी उभी राहते.

२०१२-१३ च्या सुमारास तिरोड्याच्या लोकांनी नवं घर बांधलं. जावयाला वीज प्रकल्पावर एका ठेकेदाराकडे काम मिळालं होतं. घरभरणीचं आमंत्रण घेऊन पुतणी आली. पत्रिका माझ्या हातात दिली. वहिनी समोरच बसली होती. पुतणीनं तिच्याकडे पाहिलं नाही आणि वहिनी म्हणाली, “फोटो काढून आणा भाऊजी. सैपाकघराचा पण काढा.”

घरभरणीच्या दोन दिवस आधी मी तिरोड्याला गेलो. काका अंगणात बाजेवर बसले होते. खूप थकले होते. त्यांना आता ऐकू येत नसेल, हे माझ्या मनातच आलं नव्हतं.

मी जवळ बसलो आणि हळू आवाजात म्हणालो, “त्या लग्नातले बांबू मी आणले होते.”

“काय म्हणून राहिले?”

“बांबू. मी आणले होते.”

“बांबू? बांबू नाही पायजे आता. आता पाइप लावून राहिले.” त्यांनी फाटकाकडे हात केला. तिथे मांडववाले लोखंडी पाइप उतरवत होते.

शेवटी मला ओरडून सांगावं लागलं. “तुमच्या पोराच्या लग्नात मयताचे बांबू मी लावले! वहिनीनं नाही! मी!”

पाइप उतरवणारे थांबले. पुतणी आतून बाहेर आली. तिची सासू गच्चीवरून वाकून पाहू लागली. काकांना या वेळी ऐकू आलं होतं.

“मंग तवाच काऊन नाही सांगतलं?”

“भेवलो.”

“आणि आता नाही भेत?”

भीती अजून होती. पुतणी आत गेली. मला कुणी पाणी विचारलं नाही, आणि मी पाण्यासाठी थांबलो नाही.

दुसऱ्या दिवशी पुतणी गोंदियाला आली ती थेट आईकडे. दार लावून दोघी आत बोलत होत्या. आवाज चढला होता, पण तो पुतणीचा होता. “मले तं सांगाचं होतं!” हे मी बाहेरून ऐकलं. वहिनीचं काही ऐकू आलं नाही. नंतर ती बाहेर आली आणि माझ्यासमोर उभी राहिली.

“कोणाले इचारून सांगतलं भाऊजी?”

“मले वाटलं, तुमाले जाता येईल आता.”

“मी तोंड बंद ठेवलं ते तुमच्यासाठी नव्हतं. पोरीसाठी होतं. आता ती मले म्हणते, तू खोटी बोलली. तुमी तं मोकळे झाले. मी काय झालो?”

मी सांगितलं ते तिच्यासाठी की माझ्यासाठी, हे मी ठरवू शकलेलो नाही. त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतंच बोलते. हेही इथे लिहून ठेवतो.

पण घरभरणीला ती आली. पुतणीनं तिला स्वतःजवळ गाडीत बसवून आणलं. मी आणि बायको मागून बसनं गेलो. आम्ही पोचलो तेव्हा वहिनी फाटकापाशी उतरत होती. गुडघे वाकत नव्हते, म्हणून वेळ लागत होता. ती मांडवात आली आणि सवयीनं पहिल्याच खांबावर हात ठेवला. पाइप होता, पांढरा कपडा गुंडाळलेला. तिनं कपडा थोडा सरकवला आणि नखानं टक्‌ टक्‌ करून पाहिलं.

काका खुर्चीवर बसले होते. ते मोठ्यानं म्हणाले, कारण आता ते सगळंच मोठ्यानं बोलायचे, “लोखंड हाये ते विहीणबाई. त्याले खाच नाही पडत.”

“पडते,” वहिनी म्हणाली. “करवतीनं पडते.”

त्यांना ते ऐकू आलं की नाही कोण जाणे, पण ते हसले. पुतणीनं आईच्या पायावर पाणी घातलं. उंबरा उंच होता. वहिनीनं दोन्ही हातांनी चौकट धरली, आधी उजवा पाय आत टाकला, मग डावा ओढून घेतला, आणि कुणाकडे न बघता सैपाकघर कुठे आहे ते विचारत आत गेली.

मी मांडवात राहिलो. पाय दुखत होते म्हणून कोपऱ्यातल्या पाइपाला टेकलो. काकांनी शेजारची रिकामी खुर्ची काठीनं माझ्याकडे सरकवली.

“बसा, इवाईबुवा,” ते म्हणाले. “खांबापासून दूरच बसा तुमी.”

मी खुर्ची ओढून मांडवाच्या मधोमध नेली आणि बसलो.